पोच

प्रगतिपुस्तकात तिचे सतरा दिवस गैरहजर.
त्या सतराही दिवशी मी तिला सायकलवरून
शाळेच्या पायरीपर्यंत सोडली होती,
डबा, पाण्याची बाटली, आणि कानात
ते पिवळट यंत्र, जे रात्री आम्ही
सुक्या तांदळाच्या बरणीत निजवतो,
कारण सर्जेकोटची हवा आधी पत्रे खाते,
मग तारा, मग असल्या नाजूक वस्तू.

दीपश्री म्हणाली, हजेरीचं बुक बघूया.
मी म्हटलं, कशाला उगाच.
ती म्हणाली, उगाच नाही.

मुणगेकर सर हजेरी घेतात मान खाली घालून.
आणि केतकी हे नाव
आरशासमोर एकदा म्हणून बघा.
ओठ मिटत नाहीत, धड हलतही नाहीत,
सगळं आतल्या आत टाळूपाशी उरकतं.
नाव ठेवलं तेव्हा आम्हांला कुठे ठाऊक होतं?
म्हणून घरी ती बाय.
बाय म्हटलं की ओठ मिटून उघडतात, ती वळते.

परुळेकर बाईंनी चहा मागवला. वाईट नाहीत त्या.
म्हणाल्या, अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात हो,
कोल्हापूरला, वसतिगृहासकट.
आठ वर्षांची आहे, दीपश्री म्हणाली.
बाई म्हणाल्या, एकटीसाठी सगळ्या वर्गाची पद्धत...
आणि वाक्य सोडून दिलं
होडीतून धक्क्यावर दोर फेकावा तसं,
पुढचं समोरच्याने ओढावं म्हणून.
आम्ही ओढलं नाही.

आमची मागणी एका ओळीची:
बोलताना फळ्याकडे तोंड करू नका.
बाकीचं कायद्यात आहे. दीपश्रीने झेरॉक्स आणलेली,
दोन हजार सोळाचा, पेन्सिलीने रेघा मारून,
चौथ्या पानावर बांगड्याचा एक खवला चिकटलेला.

मी बर्फाच्या फॅक्टरीत बारा वर्षं.
कंप्रेसर सुरू झाला की आम्ही सगळेच ओठ वाचतो,
लाद्या किती, टेम्पो कुणाचा, काडेपेटी आहे का.
आम्हांला कुणी कोल्हापूरला धाडलं नाही.
हे मला तिथे सुचलं नाही.
परतताना चढावर सुचलं, सायकल हातात धरून.

एक गोष्ट अर्जात मावली नाही.
घरी खंय, पुस्तकात कुठे.
घरी माका, वर्गात मला.
आठ वर्षं तिने जी तोंडं पाठ केली
ती शाळेच्या उंबऱ्याशी परकी होतात.
आणि बाप, पाप, माप
हे तीन शब्द ओठांवर एकच दिसतात.
शेजारीण म्हणते, कुणाचं तरी पाप.
ओरोसचे डॉक्टर माप काढून कागदावर आलेख देतात.
मी समोर बसतो, ओठ मिटतो, उघडतो,
ती तिन्हीतला एक निवडते.
आजवर चुकलेली नाही.

क्लार्क म्हणाला, ठेवून जा अर्ज.
दीपश्री खुर्चीतून हलली नाही.
"आमका पोच होयी."
बाजारात सुरमईचा शेवटचा दर सांगावा
त्याच आवाजात.
पॅड सुकलेलं. त्याने शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली,
दोनदा दाबला. आवक क्रमांक सदुसष्ट.
शाई पसरली, पण तारीख वाचता येते.

सोमवारी सर अर्धं वाक्य वर्गाशी बोलले,
उरलेलं फळ्याशी. असं ती सांगते.
हजेरीला मात्र वर बघतात. एकदा विसरले
तेव्हा शेजारच्या पोरीने हिला कोपर मारलं.
सतरा दिवसांचं अजून काही कळवलेलं नाही.

रात्री तिने शिक्क्यावर बोट ठेवलं. ह्या काय?
पोच, मी म्हटलं.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
बोच?
मी पुन्हा सांगणार होतो, सावकाश,
पण ती बरणीचं झाकण फिरवत होती
आणि दिवा मालवायच्या आत
तिला अजून खूप विचारायचं होतं.
अंधार झाला की आमच्या घरात
कुणालाच काही बोलता येत नाही.